डिजिटल सातबारा: पंधरा रुपयांत काय कळतं आणि काय नाही

विकास आराखडा (कुठे काय बांधता येईल ते ठरवणारा नकाशा) नसलेल्या गावात जागा घ्यायची तर पहिली पायरी महाभूमी या सरकारी संकेतस्थळाची डिजिटल सातबारा सेवा. मोबाईल नंबर टाकून ओटीपीने लॉगिन, खात्यात थोडे पैसे, मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. एका उताऱ्याचे १५ रुपये कापले जातात. तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही, १६ अंकी क्रमांक टाकून कोणीही पडताळणी करू शकतं. महाभूलेख या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो तो नुसता बघण्यापुरता, व्यवहाराला चालत नाही. पैसे कापले आणि उतारा उघडलाच नाही, तर दुसऱ्यांदा भरण्याआधी पेमेंटची स्थिती तपासा.

उतारा हातात आला की सगळे नावं आणि क्षेत्र बघतात. आधी बघा भोगवटादार वर्ग, म्हणजे मालकीचा प्रकार. वर्ग २ असेल तर विक्रीलाच सरकारी परवानगी लागते. मग 'इतर अधिकार': कूळ, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, सगळं इथेच सापडतं. शेवटी तळाशी प्रलंबित फेरफार, म्हणजे नोंदीतला अजून मंजूर न झालेला बदल. तिथे 'नाही' लिहिलेलं नसेल तर विसार देऊ नका, आधी 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचनाफलकावर तो फेरफार वाचा.

जमीन खरंच बिनशेती (एनए) झाली असेल तर नव्या नमुन्यात क्षेत्र आर-चौरस मीटरमध्ये येतं आणि गाव नमुना १२ ची (खालच्या पीकपाण्याच्या भागाची) आवश्यकता नाही, अशी ओळ छापलेली असते. एजंट 'एनए प्लॉट' म्हणतोय आणि उताऱ्याच्या खालच्या अर्ध्यात सोयाबीन उभं आहे, तर काय ते समजा!

आता उणी बाजू. जागेचा झोन (शेती, निवासी वगैरे) सातबाऱ्यावर नसतो. त्यासाठी प्रादेशिक योजनेवरून (अख्ख्या भागाच्या जमीनवापराच्या आराखड्यावरून) नगररचना कार्यालयाचा झोन दाखला काढावा लागतो, आणि नेमका तोच कागद लोक टाळतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत घरासाठी वेगळी एनए परवानगी लागत नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण अंतर मोजायचं ते नोंदलेल्या हद्दीपासून, शेवटच्या घरापासून नव्हे. वस्ती कधीच पुढे सरकलेली असते, हद्द जुनीच राहते. महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर अंदाज फुकटात येतो. मात्र अंतर १९० की २१० मीटर असा घोळ असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच करून घ्या. आणि एनए सुटलं तरी बांधकाम परवानगी सुटत नाही, तिचा अर्ज वेगळा.