किब्बर की मुद? काझाच्या पुढचा मुक्काम ठरवताना

काझा हे हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव. तिथल्या बसस्टँडवर दुपार कलली की दोन बस लागतात. एक किब्बरची, एक मुदची. दोन्ही हिमाचल परिवहनच्या, दोन्हींच्या टपावर पिठाची पोती आणि गॅसचे सिलिंडर. संध्याकाळपर्यंत त्या आपापल्या गावी पोहोचतात, रात्री तिथंच थांबतात आणि सकाळी खाली येतात. म्हणजे बसनं जायचं तर मुक्काम आलाच. स्पितीसाठी हाताशी चार-पाचच दिवस असतील तर यातल्या कुठल्या बसमध्ये चढावं, एवढंच इथं बघायचंय.

मी दोन्हीकडे राहिलेय. किब्बरला एकदा जूनमध्ये, एकदा फेब्रुवारीत. मुदला ऑगस्टच्या अखेरीला. माझा कौल आधीच देऊन टाकते: पहिल्यांदाच स्पितीत जात असाल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तर मुद. थंडीत जायचं असेल, तर मुदचा विचारही करू नका. मधल्या सगळ्या शक्यतांसाठी पुढचं वाचा.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. कुंझुम खिंडीकडून येणारी स्पिती नदी आग्नेयेकडे वाहते आणि काझा तिच्या डाव्या काठावर आहे. किब्बर याच काठावर, पण वर. ‘की’ नावाच्या गोम्पाच्या (बौद्ध मठाच्या) डोंगराला वळसा घालून रस्ता एका उघड्या पठारावर चढतो आणि १८-२० किलोमीटरमध्ये गाव येतं. मुदची दिशा उलटी. ताबोच्या रस्त्यानं नदीच्या कडेकडेनं खाली जायचं, अत्तरगोचा पूल ओलांडायचा आणि पिन नदीच्या खोऱ्यात शिरायचं. गुलिंग, सगनम करत रस्ता जिथं संपतो ते मुद. काझापासून पन्नासेक किलोमीटर, अडीच तास धरून चाला. वाटेत दरड किंवा ओढा आडवा आला तर किती, ते ड्रायव्हरही सांगत नाही.

झोपायची उंची

लोक या दोन गावांची तुलना फोटो बघून करतात. मी आधी उंची बघते, कारण तिथं माझी एक रात्र वाया गेली आहे.

काझा ३,६५० मीटरच्या आसपास. मुद साधारण ३,८००. किब्बर ४,२०० किंवा थोडं जास्तच. किब्बरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. मुदलाही फार वेगळं नाही, तीन-चार टक्क्यांचा फरक. मग मुद सोपं का? कारण शरीर दिवसभरात किती वर चढलात त्यापेक्षा रात्री कुठं झोपलात त्याचा हिशेब ठेवतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण नियम आहे. काझाहून मुद म्हणजे दीडशे मीटरची वाढ. काझाहून किब्बर म्हणजे साडेपाचशे. नियम मोडतो, थोडकाच, पण मोडतो.

त्यात तुम्ही मनालीकडून आला असाल तर तो आधीच मोडून आलेला असता. मनाली २,०५० मीटरवर. तिथून अटल बोगदा, ग्राम्फू, बातल, मग ४,५५१ मीटरचा कुंझुम आणि त्याच संध्याकाळी काझा. एका दिवसात झोपायची उंची सोळाशे मीटरनं वाढली. मी पहिल्यांदा अशीच आले आणि काझाला एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी थेट किब्बर गाठलं. जेवणाच्या वेळी डोकं ठणकायला लागलं, थुक्प्याचा (नूडल सूपचा) वास नकोसा झाला. ज्या घरी उतरले होते तिथल्या आमाने (आईने) एकच प्रश्न विचारला, काझाला किती रात्री राहिलीस? एक, म्हटल्यावर ती काही बोलली नाही. मुलाला हाक मारून तिनं अंगणातली गाडी वळवून रस्त्याकडे तोंड करून लावायला सांगितली आणि मला दाराजवळच्या खोलीत झोपवलं. मध्यरात्री उतरायची वेळ आलीच तर गाडी मागे-पुढे करण्यात वेळ जायला नको, हे मला सकाळी कळलं. उतरावं लागलं नाही. पण ती रात्र मी बसूनच काढली.

शिमल्याकडून, किन्नौरमार्गे येणाऱ्यांचं गणित बरं असतं. सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता, पण कल्पा २,९६० मीटर, पुढे ताबो ३,२८०, मग काझा, असे मुक्काम होतात आणि शरीर आपोआप तयार होतं. या वाटेनं येऊन काझाला दोन रात्री झाल्या असतील तर किब्बरला माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र किब्बरच्या बाजूची, आणि ती लहान नाही. काही बिघडलंच तर काझाचा सरकारी दवाखाना किब्बरहून तासाभराच्या आत आहे, आणि तिथं पोहोचेपर्यंत तुम्ही साडेपाचशे मीटर खाली आलेले असता. मुदहून रात्री निघालात तर अडीच तास जातील आणि उतरणार दीडशेच मीटर. म्हणून ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास आहे, त्यांना मी मुद काय, किब्बर काय, दोन्ही सांगत नाही. त्यांनी काझा किंवा ताबोत राहून दिवसा फिरावं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच विचारा. तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर गोळीची वाट न बघता खाली उतरायचं.

गावं कशी आहेत

किब्बर दगडी गाव आहे. स्पितीत इतरत्र मातीच्या विटांची घरं जास्त दिसतात; इथं भिंती दगडाच्या, वरून पांढरा हात, सपाट छपरांच्या कडेला वाळक्या काटक्यांची रास. ऐंशीच्या आसपास घरं उतारावर एकावर एक बसलेली. झाड जवळजवळ नाहीच. समोर पठार, पठाराला मधेच उभी चीर गेल्यासारखी खोल घळ, आणि पलीकडे चिचम. या घळीवरचा पूल २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी चिचमचे लोक तारेला टांगलेल्या झुल्यात बसून, दोर ओढत ही घळ ओलांडायचे. आता पुलावर गाड्या थांबतात, लोक फोटो काढतात आणि निघतात. किब्बरला येणाऱ्या बहुतेकांचं किब्बर एवढंच असतं: पूल, चहा, परत काझा. दोन तासांत गाव बघून झालं असं वाटण्यात त्यांची चूक नाही, कारण गाव खरंच छोटं आहे. बघायचं ते गावाच्या वर आहे.

गावाच्या वरच्या कुरणांवर भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) चरतात. हा सगळा भाग किब्बर अभयारण्यात येतो, सव्वादोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. इथूनच परांग ला ओलांडून लडाखच्या त्सो मोरिरीकडे जाणारी जुनी व्यापारी वाट निघते, आणि जवळपास ६,००० मीटरच्या कानामो शिखराची चढाईही. याच बाजूच्या ताशीगंगमध्ये ४,६५० मीटरवर मतदान केंद्र असतं, जगातलं सर्वांत उंच. म्हणजे पाय आणि छाती तयार असतील तर किब्बरला चार दिवसही कमी पडतील. नसतील, तर तुम्ही घराच्या गच्चीवर बसून वारा खाल. तिथं कुठलाही फेरफटका म्हणजे चढ, आणि दुपारनंतरचा वारा कान बधिर करतो.

मुदला याच्या उलट. गाव पिन नदीच्या पात्राच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगरांचे रंग विचित्र: जांभळट, गंजकट, मधेच हिरवी शीर. पाय मोकळे करायला नदीकाठची जवळजवळ सपाट वाट मिळते. लहान मुलं, साठीच्या पुढचे आईवडील बरोबर असतील तर हा फरक फार मोठा आहे. मी तिथं असताना मटारची तोडणी चालली होती. मैदानात मटार संपलेला असतो तेव्हा स्पितीतला तयार होतो, त्यामुळे भाव मिळतो आणि ऑगस्टमध्ये आख्खं गाव शेतात असतं. घरात कोणी नाही म्हणून मी बांधावर जाऊन बसले. एका बाईनं माझ्याकडे न बघताच ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या, आणि अर्ध्या तासानं एक रिकामं पोतंही टाकलं. खायचं झालं, आता भरा. मी भरलं. संध्याकाळच्या जेवणात त्याच मटारची भाजी होती आणि सातूच्या पिठाच्या जाड रोट्या.

पिनमध्ये धर्माचाही रंग जरा वेगळा आहे. की गोम्पा गेलुग पंथाचा, दलाई लामांच्या परंपरेतला. पिन खोरं जुन्या न्यिंगमा पंथाचं, आणि कुंगरीचा गोम्पा हे त्यांचं ठिकाण. बुचेन म्हणून ओळखले जाणारे, गावोगाव कथा सांगणारे आणि माणसाच्या पोटावर दगड ठेवून तो फोडण्याचा विधी करणारे लामा याच खोऱ्यातले. चुमुर्ती घोडेही इथलेच नावाजलेले. १९८७ पासून खोऱ्याचा वरचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे; भरलऐवजी इथं कड्यांवर आयबेक्स (रानबोकड) शोधायचे. डोंगरी ट्रेक करणाऱ्यांना मुद बहुधा शेवटचा मुक्काम म्हणूनच माहीत असतं, कारण किन्नौरमधून भाबा खिंड ओलांडून येणारी वाट इथं उतरते. उलट पिन-पार्वतीला निघणारे काहीजण इथून सुरुवात करतात, आणि ती ५,३०० मीटरची खिंड हौशी माणसाचं काम नाही.

थंडीत एकच उत्तर

नोव्हेंबरनंतर कुंझुम बंद, त्यामुळे रस्ता फक्त शिमल्याकडून. मुदच्या रस्त्यावर हिमकडे कोसळतात आणि तो दिवसचे दिवस बंद राहतो. आत अडकलात तर अडकलात. काझा ते किब्बर मात्र बर्फ हटवून शक्यतो चालू ठेवतात, आणि जानेवारी ते मार्चमध्ये लोक तिथं एकाच कारणासाठी येतात: हिमबिबट्या. भरल बर्फामुळे खाली सरकतात, त्यांच्यामागे तोही येतो.

हे बघणं कसं असतं ते सांगते, म्हणजे पैसे भरण्याआधी कल्पना येईल. पहाटे गावातली दोन-तीन पोरं दुर्बिणी घेऊन वेगवेगळ्या कड्यांवर जातात. तुम्ही तंदूरजवळ बसून असता. (तंदूर म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवलेली पत्र्याची शेगडी; शेण आणि काटक्या जळतात.) वॉकी-टॉकी खरखरला की बूट घालून पळायचं, पळता येत नाही हे दहाव्या पावलाला कळतं, आणि मग घळीच्या कडेला बर्फात तासन् तास बसायचं. पाणी गोठलेलं, नळ नाही, संडास कोरडा, मातीचा. उणे वीसपर्यंत पारा सहज जातो. मला तिसऱ्या दिवशी दिसला: पलीकडच्या उतारावर झोपलेला, चार तास झोपलेलाच. शेपटी एकदा हलली. तरी मी परत जाईन.

ही पोरं आज बिबट्या शोधून देतात, पण त्यांच्या आजोबांच्या पिढीला तो याक आणि मेंढ्या मारणारा शत्रू होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वन्यजीव-अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेनं इथं काम सुरू केलं. गावानं कुरणाचा एक तुकडा चराईतून मोकळा सोडला, तिथं भरल वाढले. नंतर गुरांचा विमाही आला. किब्बरला राहणार असाल तर गावातल्याच घरी राहा आणि गावातलाच माणूस बरोबर घ्या. बाहेरून सगळं बांधून आणणाऱ्या सहलीत हा पैसा गावापर्यंत फारसा पोहोचत नाही.

बाकीचं पटकन. एटीएम आणि पेट्रोल पंप काझालाच. दोन्ही गावांत रोख लागते. नेटवर्कच्या भरवशावर कुठंच राहू नका, मुदला तर नाहीच. लांगझा, हिक्किम, कोमिक ही तिसरी वाट काझाहून एका दिवसात होते, तिथं मुक्कामाची घाई करू नका. तिन्ही किब्बरपेक्षाही उंच आहेत. हिक्किमच्या पोस्टातून पत्र टाका, लांगझात मुलं विकायला आणतात ती अमोनाइट जीवाश्मं मात्र घेऊ नका. जगातलं सर्वांत उंच गाव कोणतं ही पाट्यांची शर्यत आहे; पूर्वी ती पाटी किब्बरकडे होती, आता कोमिककडे आहे. तिच्यावरून मुक्काम ठरवू नये.

दोन्ही करण्याइतके दिवस निघत असतील तर क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी दोन रात्री मुद, मग काझात एक, मग किब्बर. मनालीला उतरायचं असेल तर किब्बरहून काझाला परत यायचीही गरज नाही: चिचमच्या पुलावरून पुढे गेलात की क्योटोजवळ लोसरचा रस्ता मिळतो आणि तिथून सरळ कुंझुम. फक्त पेट्रोल काझातून निघतानाच भरून घ्या, कारण अटल बोगद्यापर्यंत मधे पंप नाही.