फुकटच्या सॉफ्टवेअरला मी ७,०७८ रुपये मोजले

लाज वाटते, तरी लिहितोय. आमच्या सिंधुदुर्गात आंबेवाले, होमस्टेवाले, सगळ्यांचा धंदा आता फोटोवर चालतो, आणि फोटोशॉप सांगून मला फुकटचं सॉफ्टवेअर विकणारा हा मास्तर अजून मोकळाच आहे.

ऐन एप्रिल, पेट्या भरायची घाई. आमचा हापूस ट्यूबलाइटखाली कैरीसारखा हिरवट दिसायचा. मोबाईलवर जाहिरात आली: 'फोटोशॉप लाइफटाइम, मराठीतून आठ वर्ग, ४,९९९.' वर 'जीएसटी' ८९९. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं एका बाईचं. कंपनीचं नाही, बाईचं! "अकाउंट्सच्या मॅडम आहेत," मास्तर म्हणाला. आणि बावीस वर्षं गड्यांच्या मजुरीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मी गुमान पिन दाबला. अजून रात्री ते नाव डोळ्यांसमोर येतं.

वर्ग झाले दोनच. खोटं कशाला बोलू, लेयर त्याने बरे समजावले: काचेवर काच ठेवायची, वरची पुसली तरी खालचा आंबा शाबूत. मी पेटीमागचं गोणपाट काढलं, रंग उजळला, सेव्ह केलं, पुण्याच्या गिऱ्हाईकाला पाठवलं. "काका, फाइल उघडत नाही." नावापुढे 'एक्ससीएफ'. मास्तर म्हणतो, प्रो फॉरमॅट आहे, अ‍ॅक्टिव्हेशनचे १,१८० लागतील. दिले! मग त्याने दुसऱ्या अ‍ॅपवरून माझ्या स्क्रीनवर येऊन काय केलं? फाइल मेनू, 'एक्सपोर्ट अ‍ॅज', जेपीजी. संपलं अ‍ॅक्टिव्हेशन.

मे महिन्यात पुतण्या मुंबईहून आला. सॉफ्टवेअर सुरू होतानाचं ते तोंडात कुंचला धरलेलं कुत्रं बघून हसला. "काका, ह्यां गिम्प. ह्यां तर फुकट गावता. पैशे कित्याक दिलात?" गिम्प म्हणजे फोटो सुधारायचं दुसरंच सॉफ्टवेअर, एक्ससीएफ ही त्याचीच साधी फाइल. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून भाड्यानेच मिळतात म्हणे, लाइफटाइम असं आता काही नसतंच. शेतकऱ्याला कोण सांगणार हे?

पोलिस ठाण्यात गेलो. "सॉफ्टवेअर मिळालं ना? मग फसवणूक कसली?" अहो, मासळी म्हणून समुद्राचं पाणी विकलं तरी पाणी मिळालंच की! मग म्हणे सायबरचा विषय, जिल्ह्याला जा. तिथे म्हणाले, आधी ठाण्याचा अर्ज आणा. बँकेत साहेब मान वर न करता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात." तीन दिवस एसटीने हेलपाटे आणि गडी बागेत बसून.

पैसे गेले की आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, हेलपाटे नंतर. मला ते दीड महिन्याने कळलं. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर नसेल तर जीएसटी देऊ नका. परक्याला स्क्रीन दाखवायची नाही, दाखवलीच असेल तर ते अ‍ॅप काढा आणि पिन बदला. गिम्प शिकायचंच असेल तर त्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा, दमडी लागत नाही.

अर्जाची पोच मागितली, तर शिक्क्याचे साहेब रजेवर. सोमवारी परत बोलावलंय.