हेड उघडलंच नाही, बिल मात्र २७,५०० चं

जुनी कार्बोरेटरवाली गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय. माझी १९९६ ची मारुती एस्टीम, १.३ लिटरची, एके काळी रॅलीवाल्यांची लाडकी. गेल्या दिवाळीच्या सुमारास ती झटके द्यायला लागली. सिग्नलला आयडलिंग वर-खाली. ॲक्सिलरेटर दाबला की आधी अडखळायची, कार्बोरेटरमधून ‘फट्’ करून खोकायची, मग कुठे उचलायची. प्लग काढले तर चुन्यासारखे पांढरे.

मिश्रण लीन झालंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, एवढं मलाही कळत होतं. तरी फसलो.

पुण्यातल्या एका ‘परफॉर्मन्स’ गॅरेजात गाडी नेली. मालकाने दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, “साहेब, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेत. हेड उतरवावं लागेल.” हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह त्यातच बसतात. चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) ओढून पाहिला नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं नाही. खरं तर व्हॉल्व्ह जळाला असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं दिसतंच. ते आकडे मी तिथेच मागायला हवे होते. मी लीनचं विचारलं, तर म्हणे, “ई२० मुळे लीन चालूनच तर जळाले!” (ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.)

हे अर्धं खरं होतं, म्हणूनच गळी उतरलं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरचा जुना जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) पेट्रोल सोडतो पहिल्याच मापाने, त्यामुळे गाडी थोडी लीन चालते. पण तेवढ्याने ती सिग्नलला धापा टाकत नाही.

सहा दिवसांनी २७,५०० रुपये मोजले. चार जळके व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून हातात मिळाले. गाडी जोरात पळायची, पण मागे काळा धूर, आणि आयडलिंग होतं तसंच.

पुढच्याच महिन्यात कोल्हापूरला आत्याकडे गेलो, तेव्हा तिच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी चोक अर्धा ओढला. इंजिन एकदम शांत. “कुठनं तरी हवा ओढतंय,” एवढंच बोलले. मग कार्ब क्लीनरचा बारीक फवारा कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) कडेने मारत गेले. (हा स्प्रे पेट घेतो. गरम सायलेन्सरजवळ घरी करून बघू नका.) मॅनिफोल्डमधून ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपापाशी इंजिनाचा आवाज बदलला. पाइप वाकवून दाखवला: क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, वरून अजिबात न दिसणारी, नख शिरेल एवढी चीर. नवा पाइप १८० रुपयांना.

धुराचं कारण कार्बोरेटर उघडल्यावर कळलं. मेन जेट कोरून मोठा केला होता. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) बंद असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त असते, म्हणून चीर आयडलिंगला छळते. पूर्ण थ्रॉटलला ती ओढ जवळपास उरत नाही. तिथे हा मोठा जेट नुसतं पेट्रोल ओततो. म्हणजे खालचा आजार तसाच ठेवून वर पिकअपचा मुलामा. जेटही बदलून घ्यावा लागला.

आणि हेड? ते उतरवायचं तर टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. मिस्त्रींनी बेल्टच्या कव्हरवर बॅटरी मारली. बोल्टांच्या खाचांत तेल आणि धूळ मिळून झालेला काळा चिकटा, वर्षानुवर्षांचा, कुठे पान्याचा ओरखडासुद्धा नाही. “पावणं, ह्यो पाना लागलेलाच न्हाई की.”

फोटो काढून गॅरेजवाल्याला पाठवले. उत्तर आलं, “बाहेरच्या माणसाने हात लावलाय, आता आमची जबाबदारी नाही.” नंतर फोन उचलणंच बंद.

घरी येऊन ती वर्तमानपत्राची पुडी पहिल्यांदाच नीट उघडली. चारही व्हॉल्व्ह टेबलावर उभे केले. एक बाकीच्या तिघांपेक्षा बोटाच्या पेराएवढा उंच होता.