बारा खुणा, लॉफ्ट एकच

२३,७०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ‘अहो, एवढे दिलेत कसे?’ हा प्रश्न तुम्हाला पडणारच. ३,००० टोकन, १७,५०० थ्री वूडचे, म्हणजे लांब मारायच्या गोल्फ क्लबचे (गोल्फच्या काठीचे), आणि ३,२०० त्याच स्लीव्हच्या ‘जादा शाफ्ट’चे. शाफ्ट म्हणजे दांडा, स्लीव्ह म्हणजे तो हेडात अडकवणारी, फिरवून बसवता येणारी नळी. क्लब नकली निघाला. नकली माल कसा खपवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. क्लब भेट मिळालेला, एकदाही न वापरलेला, खोका शाबूत, आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत. मलाही ठाऊक होतं. फोटोवर भुलून पैसे पाठवणाऱ्यांतला मी नाही. प्रत्यक्ष भेटलो, क्लब हातात घेतला, बॉल मारले. तरी गंडलो, आणि त्याचीच जास्त चीड आहे.

किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. कोणी अर्ध्या किमतीत देऊ लागला की आपण सावध होतो. हा विकणारा घासाघीस करून जेमतेम पाचशे उतरला. वर म्हणतो, ‘परवडत नसेल तर राहू द्या, साहेब.’ असं बोलणारा माणूस चोर वाटत नाही.

अ‍ॅडजस्टेबलच, म्हणजे लॉफ्ट (बॉलला लागणाऱ्या फेसचा मागे झुकलेला कोन) बदलता येणाराच का हवा होता? माझा स्विंग काही वेगवान नाही. १५ अंश लॉफ्टचा थ्री वूड टीवरून (जमिनीत खोचलेल्या खुंटीवरून) ठीक चालतो, पण गवतावरून मारला की बॉल गुडघ्याएवढाच उठतो. स्लीव्ह फिरवून तो १६.५ केला तर जवळपास फोर वूड होतो, शिवाय फेस थोडा बंद होऊन, म्हणजे डावीकडे वळून, माझ्या स्लाइसलाही (उजवीकडे वळत जाणाऱ्या बॉललाही) आवर बसतो. एका किमतीत दोन क्लब. हिशोबात काही खोट नव्हती. (हां, ज्यांना फक्त गवतावरूनच मारायचाय त्यांनी सरळ १८ अंशांचा फाइव्ह वूड घ्यावा, पाना-बिना काही लागत नाही.)

आता तो क्षण. विकणाऱ्याने स्क्रू सोडला, स्लीव्ह सर्वांत कमी लॉफ्टच्या खुणेवरून सर्वांत जास्त लॉफ्टच्या खुणेवर नेला, पुन्हा आवळला आणि क्लब माझ्यापुढे टेकवला. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर ठेवल्यावर फेस बंद दिसतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावीकडे वळलेला. कमी केला की उघडा. यात जादू नाही. स्लीव्हमधलं शाफ्टचं भोक मुद्दाम किंचित तिरकं पाडलेलं असतं, त्यामुळे स्लीव्ह फिरवला की शाफ्ट आणि हेड यांच्यातला कोन बदलतो. हे मला माहीत होतं! इतरांना समजावून सांगितलंय मी. आणि समोर फेस होता तसाच, सरळ नाकासमोर. मी बोललोसुद्धा, ‘फेस बंद झालेला दिसत नाही.’ तर म्हणतो, ‘नव्या मॉडेलात तसं दिसत नाही, बॉलच्या उड्डाणात कळतं.’ आणि मारायला कुठे लावलं, तर सरावाच्या नेटमध्ये! तीन पावलांवर बॉल जाळीत. कसलं उड्डाण नि कसलं काय. पण संध्याकाळची वेळ, दिवे डोळ्यांवर, मागे दोघं जण जागा रिकामी व्हायची वाट बघत उभे. अशा गडबडीत दोन-तीन अंश कोणाच्या डोळ्यांना दिसतात? बदल दिसत नाही हे मात्र मला दिसलं होतं. तेच आठवून अजून दातओठ खातोय.

नकलीपणाची दुसरी निशाणी तर त्याने स्वतःच्या तोंडाने दिली. ‘टीवर लॉफ्ट कमी ठेवायचा, दुसऱ्या शॉटला वाढवायचा, पाना बॅगेतच ठेवा.’ गोल्फचा नियम ४.१ काय सांगतो? फेरी चालू असताना मुद्दाम सेटिंग बदललेल्या क्लबने एक फटका जरी मारला तरी थेट बाद. मारण्यापूर्वी मूळ जागेवर आणला तरच सुटका. असा क्लब बाळगणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो क्लब त्याचा नाही, एवढं समजून चला. मला वाटलं, गडी हौशी आहे.

पानाही मुका निघाला. खरा टॉर्क पाना ठरावीक जोर लागला की कट् करून सुटतो. बऱ्याच कंपन्यांचा तो साधारण ४० इंच-पाउंडांचा असतो. पाना बोलला नाही तर तिथूनच परत फिरा. सैल आवळलेलं हेड फिरतं, निसटतं, आणि ते कोणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही.

कोर्सवर दोन्ही टोकांच्या खुणांवर बॉल अगदी एकसारखा गेला आणि मग हेडमधून खडखड सुरू झाली. क्लब बनवणाऱ्या कारागिराकडे नेला. त्याने मोजला. छापील लॉफ्ट १५, प्रत्यक्षात १७.२, आणि स्लीव्हच्या बाराही खुणांवर १७.२. मग हेड काढून स्लीव्ह बोटांत धरून हळूच फिरवला आणि म्हणाला, ‘शाफ्टच्या ग्रिपकडच्या टोकाकडे बघा.’ टोक जागच्या जागी फिरत होतं. दुसरा, खरा शाफ्ट घेऊन तेच केलं, तर टोक हवेत गोल काढू लागलं. भोकाचा तिरकेपणा दीड अंशाचा असला तरी चाळीस इंचांवर तो जवळपास एक इंच होतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे. विकणारा हेड काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच संपला.

सीरियल नंबर? होता की, सुरेख कोरलेला. एकच नंबर शंभर हेडांवर कोरायला काय जातंय!

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांचं ऐका. ज्या ऑनलाइन मंचावर जाहिरात होती तो म्हणतो, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, म्हणून आमचा संबंध नाही. अरे, जाहिरात तुमची, तारांकित ‘विश्वासू विक्रेता’ हा शिक्का तुमचा, आणि संबंध नाही? बँकेचं उत्तर: रक्कम तुम्हीच स्वतःहून पाठवलीत. म्हणजे चोराने हिसकावली असती तर बरं झालं असतं! पोलिसांत गेलो, तर साहेबांनी आधी क्लब हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘या काठीला अठरा हजार?’ शेजारचे दोघं हसले. मग ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून साध्या अर्जावर पोच दिली आणि बोळवण केली. गुन्हा नोंदवलाच नाही. खोटं नाव छापलेला माल विकणं हा दिवाणी वाद कसा, ते कोणी सांगेना. तुम्ही जाल तेव्हा तक्रार लेखी न्या, कारागिराचं मोजमाप सहीसकट जोडा. तोंडी सांगायला गेलात की थट्टाच होते.

आणि उत्पादक कंपनी! अमेरिकेतल्या बड्या गोल्फ कंपन्यांनी २००४ मध्ये नकली मालाविरुद्ध एकत्र गट उभारलाय, छापे पडतात, हेडांचे ढीग जप्त होतात, फोटो छापून येतात. माझ्या मेलला मात्र साच्यातलं उत्तर: अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला नसल्यास हमी लागू नाही, तपासणीसाठी क्लब पाठवा, नकली आढळल्यास परत मिळणार नाही. म्हणजे पैसे गेले, आता पुरावाही यांच्या स्वाधीन करायचा. नाही पाठवला. तुम्हीही पाठवू नका, निदान तक्रारीचा निकाल लागेपर्यंत.

टोकन देऊ नका, एक रुपयाही नाही. माझे तीन हजार अडकले होते म्हणून तर पाय मागे निघेना. ‘त्याच स्लीव्हचा जादा शाफ्ट’ कोणी देऊ केला तर तो खऱ्या हेडात बसवून दाखवायला सांगा. प्रत्येक कंपनीचा स्लीव्ह वेगळा असतो. माझा ३,२०० रुपयांचा शाफ्ट कुठल्याच हेडात बसत नाही.

तीच जाहिरात पुन्हा लागली आहे. फोटो तोच, निळ्या टॉवेलवर आडवं ठेवलेलं हेड, अंगठा लावून झाकलेली स्लीव्हची खूण. किंमत आता १९,००० केलीय. मी तक्रारीचं बटण दाबलं, कारागिराचा कागद जोडला. मंचाचं उत्तर तासाभरात आलं, या बाबतीत मात्र फार तत्पर: ‘सदर जाहिरातीत आमच्या धोरणांचं उल्लंघन आढळलं नाही.’