२० टक्क्यांचे ८ टक्के: खासगी कंपनीतल्या छोट्या भागधारकाला कसं फसवतात

समजा कंपनीचे १०,००० शेअर आहेत, सभासद पाच आणि तुमचे शेअर २,०००, म्हणजे २० टक्के. कारभार बघणारे संचालक भांडवलाची निकड दाखवून दर्शनी किमतीला १५,००० नवे शेअर काढतात आणि सगळे आपसात वाटून घेतात. तुमचे २,००० जागच्या जागी असतात, पण एकूण २५,००० झाल्यामुळे हिस्सा ८ टक्क्यांवर येतो. खिशातून पैसा गेलेला नसतो, त्यामुळे दोन-दोन वर्षं पत्ता लागत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ प्रमाणे नवे शेअर जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करायचे असतात. ते पत्र रजिस्टर्ड पोस्टाने, स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने, इश्यू (नव्या शेअरची विक्री) उघडण्याच्या किमान ३ दिवस आधी निघायला हवं. गडबड होते ती इथेच. पत्र जुन्या पत्त्यावर किंवा बंद पडलेल्या ई-मेलवर जातं आणि ‘मुदतीत उत्तर आलं नाही’ अशी नोंद होते. दुसरी युक्ती जास्त वाईट आहे. वर्षअखेरीला सहीसाठी आलेल्या गठ्ठ्यात हक्क सोडल्याचं पत्र किंवा कमी मुदतीच्या नोटिशीला संमती सरकवलेली असते. विशेष सभेला २१ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. त्याहून कमी चालवायची तर मतदानाचा हक्क असलेल्या ९५ टक्के भांडवलाची संमती लागते. कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, वेगळी तरतूद नसेल, तर २० टक्केवाल्याच्या सहीशिवाय हे जमत नाही. म्हणून ती सही हवी असते. न वाचता, तारीख न घालता एकही कागद देऊ नका, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

दुसरी गळती खरेदीतून होते: संचालकाच्या बायकोच्या फर्मकडून चढ्या दराने माल, मेहुण्याच्या जागेचं भाडं. कलम १६६ नुसार संचालकाने स्वहित आणि कंपनीचं हित यांची टक्कर होऊ द्यायची नाही. गैरफायदा घेतला तर तेवढी रक्कम कंपनीला परत करायची. असे व्यवहार सभेत मंजुरीला आले, तर पब्लिक कंपनीत हितसंबंध असलेल्या सभासदाला त्यावर मत देता येत नाही. खासगी कंपन्यांना मात्र जून २०१५ पासून यातून सूट आहे. त्यामुळे सभेतल्या मतदानावर विसंबू नका.

भांडण उघड करण्याआधी कागद हातात घ्या. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पीएएस-३ (कोणाला किती शेअर वाटले त्याची यादी), एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्र), एओसी-४ (ताळेबंद आणि हिशेब) आणि डीआयआर-१२ (संचालकांमधले बदल) उतरवून ठेवा. ताळेबंदाच्या टिपांमधले संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार ओळ न ओळ वाचा. मग लेखी अर्ज करून सभासदांचं रजिस्टर, कलम १८९ चं करारांचं रजिस्टर आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. इतिवृत्ताची प्रत ७ कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. संचालक मंडळाच्या बैठकीची इतिवृत्तं मागण्याचा हक्क सभासदाला नाही. त्यावर वाद घालण्यात अनेकांचे महिने जातात. ती पुढे न्यायाधिकरणाकडून मागवता येतात.

संचालकाला हटवायला साधं बहुमत पुरतं, पण ते तुमच्याकडे नसतंच. त्यामुळे खरा रस्ता कलम २४१ चा: राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, दडपशाही आणि गैरकारभाराची याचिका. ‘१० टक्क्यांखाली गेलात, आता काही करता येणार नाही’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. ते अर्धसत्य आहे. कलम २४४ मध्ये १० टक्के भांडवल हा एक निकष आहे. दुसरा, १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यातली कमी संख्या. पाच सभासदांच्या कंपनीत एकटा सभासदही याचिका करू शकतो. दोन्ही निकष बसत नसतील तर अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो.

डेल अँड कॅरिंग्टन खटल्यात मॅनेजिंग डायरेक्टरने स्वतःलाच शेअर वाटून बहुसंख्य भागधारकाला अल्पसंख्य केलं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही. तुमच्या वकिलाला हा निकाल ठाऊक असलाच पाहिजे. याचिकेसोबत पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागा: नवे शेअर काढू नयेत, मालमत्ता विकू नये, शेअरहिस्सा आहे तसा ठेवावा. ‘मला पदावरून काढलं’ हीच मुख्य तक्रार करू नका. टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून सायरस मिस्त्रींना काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने पदावरून दूर करणं एवढ्यावरच दडपशाही ठरवली नाही. भर शेअरवाटप आणि पैशांच्या वाटेवर द्या. उशीरही नको, कारण मुदतीचा कायदा इथेही लागू आहे.

घाईघाईने पोलिसांत धावून फारसं साधत नाही. कलम ४४७ च्या फसवणुकीची दखल विशेष न्यायालय गंभीर फसवणूक तपास कार्यालयाच्या (एसएफआयओ) संचालकाच्या किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच घेतं.

याचिका दाखल झाली की बहुधा ‘शेअर आम्हाला विका’ असा निरोप येतो, आणि भाव पोखरलेल्या ताळेबंदावरून काढलेला असतो. न्यायाधिकरणाला कलम २४२ खाली शेअर विकत घ्यायला लावता येतात. त्यामुळे स्वतंत्र मूल्यांकनकार मागा, मूल्यांकनाची तारीख वादग्रस्त वाटपाच्या आधीची मागा आणि बाहेर गेलेली रक्कम कंपनीत परत आली असं धरून हिशेब करायला सांगा.