रिसीव्हरमधील बाय-ॲम्पिंग: दोन मोकळी चॅनल समोरच्या स्पीकरांना द्यावीत का?

होम थिएटरच्या बहुतेक सात चॅनलच्या रिसीव्हरांमध्ये (म्हणजे स्पीकर चालवणारे सात ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या यंत्रांमध्ये), 5.1 मांडणीत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिकामी राहणारी दोन चॅनल समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांकडे वळवण्याची सोय असते. ट्वीटरला (तार स्वरांचा लहान स्पीकर) एक ॲम्प्लिफायर आणि वूफरला (खर्जाचा मोठा स्पीकर) दुसरा, अशी ही विभागणी बाय-ॲम्पिंग या नावाने ओळखली जाते. माझ्या टॉवर स्पीकरांच्या पाठीवर टर्मिनलच्या दोन-दोन जोड्या असल्यामुळे ही सोय वापरून पाहण्यासाठी थोड्या जादा वायरीपलीकडे काही लागणार नव्हते. तीन महिने मी ती वापरली आणि जमेल तितक्या काटेकोरपणे तपासली. हे परीक्षण त्या सोयीचे आहे, एखाद्या विशिष्ट रिसीव्हरचे नाही.

जोडणी सोपी आहे; मात्र एका ठिकाणी हयगय अजिबात चालत नाही. टर्मिनलच्या दोन जोड्या मुळात धातूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या पट्ट्या न काढता दुसरी वायर लावली, तर दोन ॲम्प्लिफायरांची आउटपुटे थेट एकमेकांना भिडतात. उजव्या स्पीकरची लाल बाजूची पट्टी माझ्याकडून तशीच राहिली होती. रिसीव्हर सुरू होताच ‘टक्’ असा आवाज आला, यंत्र बंद पडले आणि त्याचा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला. संरक्षक व्यवस्थेने काम केले म्हणून नुकसान टळले. तेव्हापासून चारही पट्ट्या काढून हातात मोजल्याशिवाय मी वायरीला हात लावत नाही, आणि इतरांनीही तसेच करावे असे मनापासून सांगतो.

पहिल्या संध्याकाळी मला आवाज निश्चितच सुधारल्यासारखा वाटला. संवाद अधिक उठून येत होते, तबल्याची चाट अधिक स्वच्छ ऐकू येत होती. दोन दिवसांनी लक्षात आले की नव्या जोडणीनंतर मी रिसीव्हरचे स्वयंचलित कॅलिब्रेशन पुन्हा चालवले होते आणि त्यात समोरच्या स्पीकरांची पातळी सुमारे 1 डेसिबलने वाढली होती. एवढा फरक ‘आवाज मोठा झाला’ असा क्वचितच जाणवतो. ‘आवाज चांगला झाला’ असाच तो भासतो. बाय-ॲम्पिंगची बरीचशी वाखाणणी अशा नकळत बदललेल्या पातळीतून जन्मत असावी, असे माझे मत आहे.

म्हणून तुलना नव्याने केली. वायरी बदलायला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात कानाची स्मृती पुसट होते. यावर उपाय म्हणून दोन्ही स्पीकर वीतभर अंतरावर शेजारी-शेजारी ठेवले, एकाला दुहेरी जोडणी दिली, दुसऱ्याला पट्ट्यांसह साधी, आणि एकच मोनो ध्वनिमुद्रण आळीपाळीने दोघांवर वाजवले. 400 हर्ट्झचा चाचणी-स्वर लावून टर्मिनलवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने जुळवले होते. कोणत्या स्पीकरला कोणती जोडणी आहे हे फक्त माझ्या मुलीला ठाऊक होते आणि मधूनमधून ती जोडण्यांची अदलाबदल करत होती. गायन, पियानो, पावसाचा आवाज, स्फोटांची दृश्ये असे सगळे ऐकून झाले. नाणेफेक करून उत्तरे दिली असती, तरी ती याहून वाईट आली नसती. नंतर मायक्रोफोन लावून मोजणी केली, तेव्हाही दोन्ही आलेख एकमेकांवर बसले.

याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. 100 वॅटची दोन चॅनल एकत्र आली म्हणजे 200 वॅट मिळाले, हा हिशेब फसवा आहे, कारण दोन्ही चॅनल एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालतात. शिवाय रिसीव्हर दोन्हींना पूर्ण सिग्नल पाठवतो. खर्ज आणि तार स्वर वेगळे करण्याचे काम स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर पूर्वीप्रमाणेच करत राहतो. ट्वीटरकडच्या ॲम्प्लिफायरला खर्जासाठी करंट जवळजवळ द्यावा लागत नाही हे खरे; पण खर्जाचे व्होल्टेज त्यालाही उभे करावेच लागते आणि क्लिपिंग (ॲम्प्लिफायरची मर्यादा संपून आवाज फाटणे) बहुधा त्याच मर्यादेवर होते. शक्ती खरोखर दुप्पट झाली असे गृहीत धरले, तरी वाढ केवळ 3 डेसिबलची असते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ज्यांच्या स्पीकरांचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) बराच खाली उतरतो, त्यांना करंटच्या बाबतीत थोडा दिलासा मिळू शकेल. मला तो मोठ्या आवाजातही जाणवला नाही.

आतापर्यंत सांगितला तो पॅसिव्ह प्रकार; बाय-ॲम्पिंगचे खरे मोल त्याच्या ॲक्टिव्ह प्रकारात आहे, आणि दोन्ही प्रकारांना एकच नाव असल्यामुळे मोठा घोटाळा होतो. ॲक्टिव्ह रचनेत विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधी होते, स्पीकरमधला पॅसिव्ह क्रॉसओव्हर वगळला जातो आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर फक्त आपल्या वाट्याच्या स्वरांपुरते काम करतो. वूफरचा ॲम्प्लिफायर क्लिप झाला तरी ट्वीटर शाबूत राहतो. पातळी, वेळ आणि विभागणीचा उतार स्वतंत्रपणे जुळवता येतात. लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांची 1976 मधली क्रॉसओव्हर रचना आजही या कामी वापरली जाते, आणि स्टुडिओतील अनेक ॲक्टिव्ह मॉनिटर याच तत्त्वावर चालतात. तयार टॉवर स्पीकर उघडून हे घरी करू पाहणे मात्र जाणकाराचेच काम आहे.

गंमत अशी की, याच तत्त्वाचा एक टप्पा सबवूफरच्या रूपाने माझ्या खोलीत आधीपासूनच होता. रिसीव्हर 80 हर्ट्झखालचा भाग ॲम्प्लिफायरच्या आधीच वेगळा काढतो आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरकडे पाठवतो. टॉवरवरचा सर्वांत जड भार तिथेच उतरतो आणि पॅसिव्ह बाय-ॲम्पिंगला करण्यासारखे फारसे उरत नाही. सबवूफर कोपऱ्यातून हलवून बाजूच्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवल्यावर खर्जातला जो घुमारा गेला, तो फरक दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसालाही कळला.

या सोयीची किंमत वायरीत नाही, गमावलेल्या चॅनलमध्ये आहे. सात चॅनलचा रिसीव्हर समोरच्या स्पीकरांवर चार चॅनल खर्च करू लागला की मागचे सराउंड किंवा छताजवळचे स्पीकर त्याला चालवता येत नाहीत. मी पट्ट्या परत बसवल्या, टर्मिनलचे नॉब घट्ट आवळले आणि ती दोन चॅनल छताजवळच्या स्पीकरांना दिली. पाऊस आता डोक्यावर पडतो. ज्यांना 5.1 च्या पुढे जायचेच नाही, त्यांनी सोय चालू ठेवली तरी बिघडत नाही. मात्र ती पुढे कधी बंद केली, तर पट्ट्या पुन्हा लावाव्या लागतील, नाहीतर ट्वीटर किंवा वूफर यांपैकी एक मुका राहील. म्हणून काढलेल्या पट्ट्या लहान पिशवीत घालून स्पीकरच्या मागेच चिकटवून ठेवाव्यात.