ओल जमिनीतून नव्हतीच: भुयाराच्या 'वॉटरप्रूफिंग'मध्ये १,९५,००० रुपये कसे गेले

बडोद्याच्या जुन्या शहरात, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागांत ज्यांची चुन्यातली जुनी घरं अजून उभी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पावसाळा सरता सरता 'फ्री इन्स्पेक्शन'ची पत्रकं दाराखालून आत येऊ लागतात. त्यातल्या एका पत्रकाने माझ्या काकांकडून १,९५,००० रुपये नेले. कंपनीचं नाव देत नाही. ते नाव आता बदललेलं आहे, त्यामुळे देऊन उपयोगही नाही. पद्धत मात्र तीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

काकांच्या माजघराखाली भुयार आहे. तळघर म्हणावं इतकं ते उंच नाही, उकिडवं बसूनच आत सरकावं लागतं. पूर्वी तिथे धान्याच्या कोठ्या आणि सणासुदीची तांब्या-पितळेची भांडी असत. रस्त्याच्या बाजूला दोन झरोके आहेत. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले आणि एके काळी गुडघ्याएवढे उंच असलेले हे झरोके आता जवळजवळ रस्त्याला टेकले आहेत. जुन्या शहरात हे घरोघरी झालंय. घर खाली गेलेलं नाही, रस्ता वर आलाय. पण पाण्याला त्याचं काय!

ऑगस्ट २०२४ च्या पुराची आठवण बडोदेकरांना वेगळी करून द्यायला नको. विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, मगरी रस्त्यांवर फिरल्या. काकांच्या गल्लीत नदी आली नाही, पण गटारं उलटी वाहिली आणि भुयारात पाणी साचलं. ते उपसलं. तरी चौकाकडचा कोपरा ओलाच राहिला, गिलाव्याचे पोपडे पडू लागले आणि भिंतीला पांढरा लोणा फुटला. नेमक्या त्याच दिवसांत पत्रक आलं.

माणूस छान कपड्यांतला, बोलायला गोड. काकूंना पहिल्या वाक्यापासून 'काकी'. त्याने तीन करामती दाखवल्या. दोन टोकदार पिना असलेलं एक यंत्र भिंतीला टेकवलं, लाल दिवा लागला. "काकी, आ भेज जमीनमांथी चढे छे," तो म्हणाला, म्हणजे ही ओल जमिनीतून चढतेय. मग मोबाईलला जोडलेल्या थर्मल कॅमेऱ्यात भिंतीचा कोपरा निळा दाखवला आणि निळं म्हणजे पाणी असं सांगितलं. शेवटी पिशवीतून दोन विटा काढल्या. एक साधी, दुसरी त्यांच्या केमिकलची. दोन्हींवर पाणी ओतलं. साध्या विटेने ते पिऊन टाकलं, दुसरीवरून ते मोत्यासारखं घरंगळलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर कागद तपासलेला माणूस. पण विटेवरून घरंगळणारं पाणी डोळ्यांसमोर असताना शंका कुठून येणार?

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. खरी चलाखी तिथेच आहे. पिनांचं यंत्र दोन टोकांमधून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं, आणि ते मुळात लाकडासाठी केलेलं आहे. भिंतीत क्षार असले की वीज सहज वाहते. लोणा म्हणजे क्षारच, त्यामुळे जुन्या चुन्याच्या भिंतीवर हे यंत्र लाल दाखवणारच, पाणी थोडं असो की फार. ते पाणी कुठून आलं, हे तर त्याला कधीच कळत नाही. थर्मल कॅमेरा तापमान दाखवतो. भुयाराचा कोपरा कोरडा असला तरी थंडच असतो, मग निळाच दिसणार. आणि विटेवरचं केमिकल वरून पडणारं पाणी झटकून टाकतं, पण आपल्या भुयारात पाणी भिंतीच्या पाठीमागून, मातीतून दाब देत येतं. पाठीमागून आलेलं पाणी पुढच्या लेपाला ढकलून पाडतं. विटेवर पाणी ओतणारा हे कधी सांगत नाही.

अंदाजपत्रक सव्वादोन लाखांचं होतं, घासाघीस होऊन १,९५,००० वर आलं. त्यातलं बरंचसं काम सुरू व्हायच्या आधीच यूपीआयने घेतलं, तेही कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर.

कामात तीन भाग होते. पहिला, भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून केमिकल भरणं, दर भोकामागे पैसे. जमिनीतून केशाकर्षणाने चढणाऱ्या ओलीवर हा उपाय खरोखरच करतात, पण मग भोक भिंतीच्या जाडीत जवळजवळ आरपार जावं लागतं. काकांची भिंत दीड फुटाची, आणि कारागिराचा ड्रिल बिट माझ्या बोटाएवढा. पुढे एक भोक उकरून पाहिलं तेव्हा कळलं की केमिकल तीन इंचांवर संपलं होतं. भोकांची संख्या मात्र बिलात भरघोस होती.

दुसरा भाग, 'वॉटरप्रूफ' गिलावा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर. चुन्याची भिंत ओल पिते आणि वाऱ्यावर सोडते, सिमेंटने तिचं तोंड बंद होतं. मग ओल वाट काढत वर सरकते. दिवाळीनंतर माजघरात, जिथे आधी कधीच डाग नव्हता, तिथे जमिनीपासून हातभर वर ओलीची रेघ उमटली. फोन केला तर उत्तर तयार होतं: "साहेब, ही ओल बाहेर पडतेय, म्हणजे केमिकल काम करतंय."

तिसऱ्या भागावर मला खास बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे गेले. भुयाराच्या कडेने चर खणून भोकांचा पाइप टाकायचा, पाणी त्यातून खड्ड्यात यायचं आणि खड्ड्यातला लहान पंप ते बाहेर फेकणार. कल्पना उत्तम आहे, जगभर घरांखालचं पाणी असंच काढतात. पण या कामाचे काही साधे नियम आहेत. पाइपाची भोकं खाली असावी लागतात, म्हणजे चरात चढणारं पाणी तळातूनच पाइपात शिरतं. भोकं वर असली की चर अर्धा भरेपर्यंत पाइप कोरडाच. भोवती धुतलेली खडी आणि तिच्यावर गाळण कापड हवं, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत पाइप मातीने बुजतो. पाइपाला शंभर फुटांना निदान एक फूट उतार हवा. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर एकाच दिशेला उघडणारी झडप हवी, नाहीतर पंप बंद पडला की नळीतलं पाणी परत खड्ड्यात उतरतं. काकांच्या भुयारात भोकं वर होती, खडीच्या जागी तोडलेल्या गिलाव्याचा मलबा होता, कापड नव्हतं, झडप नव्हती. वरून कोबा घालून सगळं गुळगुळीत केलेलं, त्यामुळे बघायला सोय नाही.

आणि पंप पाणी कुठे टाकत होता? चौकातल्या जुन्या खाळकुव्यात, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात. भिंतीपासून चार पावलांवर!

२०२५ च्या पावसाळ्यात पंप सुरू झाला तो थांबेचना. पाऊस उघडला तरी घरघर चालूच. काकू रात्री उठून तो बंद करायच्या, विजेचं बिल वाढलं ते वेगळंच. शेवटी वाडीतल्या एका म्हाताऱ्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावलं. त्याने भिंतीला हातही लावला नाही. खाळकुव्यात पोटॅशियम परमँगनेटचे खडे टाकले, घागरभर पाणी ओतलं आणि चहा मागितला. काही तासांत भुयारातल्या खड्ड्यात जांभळं पाणी दिसू लागलं. पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवत होता.

मग तो चौकात गेला आणि वर पाहू लागला. पन्हळीचा उभा पाइप तुळशी वृंदावनामागे जमिनीशी तुटलेला होता आणि छपराचं सगळं पाणी थेट घराच्या पायात उतरत होतं. छप्पर सुमारे नऊशे चौरस फुटांचं. एक इंच पाऊस पडला तर त्यावर दोन हजार लिटरहून जास्त पाणी जमतं, म्हणजे घरावरची मोठी काळी टाकी दोनदा पायात रिकामी केल्यासारखं. ओल एकाच कोपऱ्यात होती याचा अर्थ तिथे दडला होता. जमिनीतून चढणारी ओल भिंतीभर सारख्या उंचीची पट्टी काढते, एकच कोपरा धरून बसत नाही. इन्स्पेक्शनवाल्याने चौकात पाऊलही ठेवलं नव्हतं.

दुरुस्तीला ३२,००० रुपये लागले. उभा पाइप नवीन बसवून पाणी रस्त्याच्या पावसाळी नाळेपर्यंत नेलं, चौकाची फरशी उचलून भिंतीपासून लांब उतार दिला, सिमेंटचा गिलावा तोडून चुन्याचा केला, झरोक्यांपुढे वीतभर कट्टा बांधला. कडियाने आणखी एक सांगितलं: झरोके थंडी-उन्हाळ्यात उघडे ठेवा, भर पावसाळ्यात झाका. पावसाळी हवा दमट असते, ती भुयाराच्या थंड भिंतीला लागली की तिथेच पाणी धरते. तुमच्याकडची ओल हवेतली की भिंतीतली, हे पाहायला यंत्र लागत नाही. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतून.

आता गॅरंटीचं. दहा वर्षांची, स्टॅम्प पेपरवर, शिक्क्यासह. तिच्यात हमी होती ती 'लेपाचे पापुद्रे न निघण्याची'. पूर, गटार, शेजारच्या घराचं पाणी, इमारतीची हालचाल, सगळं वगळलेलं. म्हणजे लेप जागेवर राहिला आणि घर पाण्यात गेलं तरी गॅरंटी शाबूत! बिल मी नंतर नीट पाहिलं. त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेला, पण जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा. गुजरातचा क्रमांक २४ ने सुरू होतो, २७ महाराष्ट्राचा. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर भलत्याच धंद्याच्या भलत्याच नावावर निघाला. पोर्टलवर हे कुणालाही फुकट पाहता येतं, पैसे द्यायच्या आधीसुद्धा. पावतीवरच्या पत्त्यावर मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आहे. त्या बिचाऱ्याकडे असे चिडलेले लोक आधीही येऊन गेलेत.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. कोबा फोडण्याआधी फोटो काढा, फोडताना व्हिडिओ करा, पाइपाची भोकं वर दिसताहेत असा एक फोटो नक्की ठेवा. आमच्या कागदपत्रांत वकिलांना सगळ्यात जास्त तोच आवडला. यूपीआय ज्याच्या नावावर गेलं त्यालाही पक्षकार केलंय, कारण कंपनी गायब झाली तरी बँकखातं असलेला माणूस सापडतो. नोटीस मिळताच त्याचा फोन आला, "चाळीस हजार घ्या आणि लिहून द्या." काकांनी लिहून दिलं नाही. तारीख पडली आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा पत्रक आलं. नाव नवं, विटेचा फोटो तोच.